बोळका वाईस

पूर्णा गावचा दौलत मिस्त्री शेजारच्या नारपोलीत, यंत्रमागांच्या वस्तीत, ओळखला जायचा तो त्याच्या वाईसमुळे. त्या वाईसला दात नव्हते.

वर्कशॉपच्या टेबलाला बोल्ट मारून बसवलेला वाईस सगळ्यांनी पाहिलेला असतो. दांडा फिरवला की लोखंडी जबडे जवळ येतात आणि मधली वस्तू आवळून धरतात. मग तिला कानस मारा, करवत चालवा, ती जागची हलत नाही. वस्तू निसटू नये म्हणून त्या जबड्यांना आतून बारीक दात पाडलेले असतात. पकड पक्की बसते, पण वस्तू सोडवून बघावी तर तिच्यावर उंदरानं कुरतडल्यासारख्या खुणा उमटलेल्या असतात. खिळ्याला, पट्टीला त्याचं काही नाही. गुळगुळीत वस्तूचा मात्र जीव जातो.

दौलत नवा होता तेव्हा त्यानंही एका गुळगुळीत दांड्याचा असा जीव घेतला होता. अन्सारी शेठच्या वर्कशॉपात लूमचे मोडके भाग दुरुस्तीला यायचे. त्यातलाच तो दांडा, ज्याच्यावरून धागे सरकत पुढे जातात तो. दौलतनं तो वाईसमध्ये आवळला, टोकाला आटे पाडले, पुसून पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी लूम चालवणारा कोंडू तो दांडा खांद्यावर टाकून परत आला. आरडाओरडा केला नाही. खिशातून कापसाचा बोळा काढला आणि दांड्यावरून हळूच फिरवत नेला. मध्येच तंतू अडकले, बोळा ताणला गेला.

"बग मिस्त्री," कोंडू म्हणाला, "बोटाला न्हाय कलत, कापसाला कलतं. कापूस अडतो तितं धागा अडतो. सकाळधरनं गाठीच मारतोय मी."

दौलतनं दांडा ठेवून घेतला. तो फारसं बोलत नसे. पण त्या दिवसापासून त्यानं वाईसचे दात झाकायचा ध्यास घेतला. आधी फडकं घालून पाहिलं, ते घसरलं. लाकडाच्या फळ्या लावून पाहिल्या, त्या फुटल्या. लूमवर आडवा धागा नेणारा धोटा फेकायला जाड म्हशीच्या चामड्याचे पट्टे असतात, ते झिजले की बाहेर फेकून देतात. त्यानं ते गोळा केले, पाण्यात भिजवून जबड्यांच्या मापाला कापले, तेल पाजलं. पितळेच्या वस्तूंना ते छान चालले. जड कामाला मात्र चामडं दबायचं. मग त्यानं भंगारवाल्याकडून जुन्या केबलवरचं शिसं आणलं, डब्यात वितळवलं आणि मातीच्या साच्यात ओतून दोन जाड जबडे पाडले. मऊ, राखाडी. वस्तू आवळली की शिसं स्वतः दबायचं आणि वस्तूला सांभाळून घ्यायचं.

वर्कशॉपातल्या पोरांना हसायला निमित्त मिळालं. कुणीतरी म्हणालं, "दौलतच्या वाईसचं बोळकं झालं रे, दात पडले म्हातारीचे." तेव्हापासून बोळका वाईस हेच नाव पडलं. दौलतही कधीतरी गालात हसायचा. पण ज्याला ओरखडा चालत नाही अशी वस्तू आली की शेठ मान न वळवताच सांगायचा, "बोळके पे ले जाओ."

कामात असा सांभाळून धरणारा माणूस घरात मात्र कोणाला धरून ठेवू शकला नाही.

मंदाशी त्याचं लग्न झालं ते ताईनं जुळवलं म्हणून. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, नवरा वारल्यावर ती पूर्ण्यालाच येऊन शेजारच्या खोलीत राहिली होती. मंदा कल्याणची. हसती-बोलती, रेडिओबरोबर गुणगुणणारी. संध्याकाळी दौलत घरी यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा आणि ओट्यावर बसायचा. ती विचारायची, "आज काय केलं कामावर?" तो म्हणायचा, "काम." ती विचारायची, "भाजी कशी झालीय?" तो म्हणायचा, "बरी." त्याच्या मनात काही नव्हतं असं नाही. दिवसभर लूमच्या खडखडाटाशेजारी उभं राहून कानात एक भिंत उभी राहिली होती, आणि त्या भिंतीच्या आत शब्द जमा व्हायचे, बाहेर यायचे नाहीत. वाट बघून बघून समोरचा माणूस दुसरंच काही बोलू लागे आणि मग ते शब्द शिळे होऊन जात.

ब्याऐंशी साली मंदा माहेरी गेली ती आली नाही. पंचांच्या समोर फारकतीला बसले तेव्हा म्हाताऱ्या पंचानं तिला विचारलं, "मारतो का?"

"न्हाय."

"पितो?"

"थेंब न्हाय."

"उपाशी ठेवतो?"

"न्हाय हो. पन बोलत न्हाय. भिंतीशी लगीन लावल्यावानी झालंय माजं. मी अशीच येडी व्हईन एक दिवस."

दोघंतिघं हसले. दौलत मान खाली घालून बसला होता. त्याला पंचांनी विचारलं, "तुजं काय म्हननं?" त्यानं तोंड उघडलं. सगळे थांबले. त्याला सांगायचं होतं की तिचं गुणगुणणं आपल्याला आवडतं, ते ऐकू यावं म्हणून आपण ओट्यावर दाराच्या बाजूला बसतो. पण तो म्हणाला, "तिचं खरं हाय." आणि फारकत झाली.

त्यानंतर पाच वर्षं तशीच गेली. सकाळी पूर्ण्याहून सायकल, दिवसभर वाईस, संध्याकाळी ताईच्या हातची भाकरी. ताई तेवढी एकटीच बोलायची आणि उत्तराची अपेक्षाही ठेवायची नाही. रविवारी तो विहारात जाऊन मागच्या रांगेत बसायचा. जवळच्या मळ्याचा तुकडा विकला गेला आणि तिथं पहिलं गोदाम उभं राहिलं, तेही त्यानं ओट्यावर बसून पाहिलं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात रंगूबाईला वर्कशॉपात आणलं.

पलीकडच्या लूमच्या शेडमध्ये ती धाग्याच्या कांड्या भरायची. दापोड्याच्या बौद्धवाडीतली, चाळिशीला आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कांड्यांची टोपली घेऊन येताना तेलकट फरशीवर पाय घसरला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. मनगट बघता बघता सुजलं. त्या मनगटात तिच्या आईचा चांदीचा गोठ होता, करंगळीएवढा जाड, आत तांब्याची सळई असलेला. सूज गोठाच्या दोन्ही बाजूंनी वर आली आणि बोटं काळीनिळी पडू लागली. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर आहे, पण आधी गोठ काढा, नाहीतर हात जाईल. त्यांनीच सोनाराकडे पाठवलं. सोनारानं बारीक करवत लावली, पण गोठ हलत होता, बाई किंचाळत होती, आणि करवतीचं पातं मोडलं. शेवटी शेडमधल्या दोन बायका तिला धरून शेठकडे घेऊन आल्या.

शेठनं हात बघितला आणि वळून हाक मारली, "दौलत! इधर आ. ये तेराही काम है."

दौलतनं बाईला स्टुलावर बसवलं. शिशाचे जबडे काढून चामड्याचे लावले, वर मऊ फडक्याची घडी ठेवली. तिचा हात वाईसवर आडवा ठेवला, असा की गोठाची खालची कडा जबड्यांत उतरेल आणि हात नुसता वर टेकून राहील. मग दांडा हळूहळू फिरवला. गोठ धरला गेला. हाताला काही लागलं नाही.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "पन कापताना हात हालला तर?"

तांब्याचा पातळ पत्रा त्यानं तेल लावून गोठाच्या आणि कातडीच्या मधून सरकवला. त्याला वेळ लागला.  करवत हातात घेतली तेव्हा ती थरथरू लागली. बरोबरच्या बायका "घाबरू नको, घाबरू नको" म्हणत होत्या, त्यामुळे तर ती जास्तच घाबरली.

आणि दौलत बोलू लागला. का, ते त्यालाही नंतर कधी उमगलं नाही. डोळे गोठावर होते, हात करवतीवर, आणि तोंड आपोआप सुरू झालं होतं.

"मी ल्हान व्हतो ना बाई, तवा आमी खाडीवर चिंबोऱ्या धराया जायचो. अंजूरच्या बाजूला. येकदा मोठ्या चिंबोरीनं माजा आंगठा धरला. हा बगा, आजून खून हाय. मी बोंबलत, नाचत घरी आलो. चिंबोरी लोंबकलते तशीच. बाप बोलला, नांगी तोड खेकड्याची. काका बोलला, विस्तवावर धर. माजी आजी चुलीपुडनं उठली पन न्हाय. ती बोलली, आरं, तिला पान्यात ठेव."

करवत अगदी सावकाश चालली होती. चांदीचा बारीक चुरा पत्र्यावर पडत होता.

"मंग?" रंगूबाईनं विचारलं.

"मंग काय. हंड्यात हात बुडवला. चिंबोरीला वाटलं घरी आली. सोडलान तिनं आंगठा. आन् आजीनं त्याच हंड्यात तिला धरून कालवन केलं."

ती खुदकन हसली.

"हसू नका, हात हालतो."

"तुमीच हसवता आन् तुमीच नको बोलता," ती म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "बोलत ऱ्हावा पन. बोलनं थांबलं का दुकतं."

तो बोलत राहिला. आजीच्या कोंबड्या, शाळेतला मास्तर, शिसं वितळताना त्यावर येणारी निळी-जांभळी साय. वर्कशॉपातली पोरं आपापलं काम सोडून बघत उभी राहिली. गोठाला एका बाजूनं काप पडला. हात फिरवून त्यानं दुसऱ्या बाजूनं तसाच काप घेतला. गोठाचे दोन तुकडे अलगद बाजूला झाले. तिच्या कातडीवर एक ओरखडाही नव्हता, नुसता पांढरा वळ होता, आणि तो हळूहळू गुलाबी होत गेला. रंगूबाई त्या बोटांकडे बघत रडायला लागली.

शेठ म्हणाला, "कमाल है दौलत. तू तो बोलता है!"

प्लास्टर निघाल्यावर ती परत आली. पदराच्या गाठीत गोठाचे दोन तुकडे होते.

"सोनार बोलतो, वितळवून नवा करू. मला नवा नको. आयचा हाच पायजे."

दौलतनं तो ठेवून घेतला. सोनाराकडून झाळायला चांदीचा डाख आणला, दोन्ही सांधे जोडले, गोठ चामड्यात धरून बारीक कानस मारली, मग घासून चकाकवला. सांधा कुठं आहे ते शोधून सापडलं नसतं. तिनं तो बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. घातला मात्र नाही. म्हणाली, "आता भीती वाटते. पेटीत ठेवीन."

पुढे ती जेवणाच्या सुट्टीत अधूनमधून येऊ लागली. स्टूल ओढून वाईसच्या पलीकडे बसायची. दौलतच्या हातात काम असलं की तो बोलायचा, खाली बघत, हळू आवाजात, पण भरभरून. हातातलं काम संपलं की गप्प. तिनं ते ओळखलं. एकदा त्याला तिनं घरी जेवायला बोलावलं. दापोड्याच्या तिच्या खोलीत तो चटईवर हात मांडीवर ठेवून बसला आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग भिजवून मोड आणलेल्या वालांचं पातेलं त्याच्यापुढे ठेवलं.

"सोला," ती म्हणाली.

तो वाल सोलू लागला, आणि बोलू लागला. ती चुलीपुढून ऐकत होती. त्या दिवशी बिरडं व्हायला दुपार कलली, पण दोघांनाही भूक आठवली नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. ताईच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा तिला आनंदच झाला. "चांगली बाई हाय. आपल्यातली हाय. कुनाला काय आडचन? तू येकदा तोंड उगडून इचार, बाकीचं मी बगते."

दौलत रोज ठरवायचा. सायकलवरून येताना वाक्य जुळवायचा. साधंच होतं ते: रंगूबाई, माझ्या घरी चला. ती समोर येऊन बसली की ते वाक्य सोडून बाकी सगळं बोलून व्हायचं. हातातल्या कामाकडे बघत असलं वाक्य बोलायचं नसतं, हे त्याला कळत होतं. त्यासाठी वर बघावं लागतं.

एक्याण्णव साली तिच्या मुलाला, पंढरीला, सुरतेत लूमवर जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं, काम मिळालं. त्यानं बायकोला तिकडे नेलं, आणि बायकोचे दिवस भरत आल्यावर आईलाही बोलावून घेतलं. दौलत एस.टी. स्टँडवर पोचवायला गेला. तिला न्यायला आलेला पंढरी तिकिटाच्या रांगेत होता. दौलतच्या एका हातात तिची पत्र्याची पेटी होती, दुसऱ्या हातात बोचकं.

"मिस्त्री," तिनं विचारलं, "मी जाऊ ना?"

तिचा प्रश्न त्याला पुरता कळला. ती नुसती निरोप मागत नव्हती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं आणि ती थांबली होती. पंढरी तिकिटं घेऊन गाडीत चढला होता, कंडक्टर घंटी ओढत होता. दौलतनं पेटी वर चढवली, बोचकं खिडकीतून आत दिलं.

"संभालून जा," तो म्हणाला.

त्या दिवशी ताईनं त्याला पहिल्यांदा शिव्या घातल्या. मग स्वतःच रडली. तो ओट्यावर बसून राहिला.

तिच्यामागे वर्कशॉपातलं ते स्टूल कुणी हलवलं नाही. दौलत आता काम करतानाही बोलत नसे. पोरं मुद्दाम काहीबाही विचारायची, चिंबोरीची गोष्ट सांगा म्हणायची. तो मानेनं नाही म्हणायचा. त्याचा हात पूर्वीसारखाच चालायचा. जेवणाची सुट्टी तेवढी लांब वाटायची. डबा पटकन संपायचा, आणि मग लूमचा खडखडाट ऐकत बसण्याखेरीज काही उरायचं नाही.

दोन वर्षांनी, ईदच्या सुट्टीला वर्कशॉप बंद होतं तेव्हा, त्यानं ताईला सांगितलं, "सुरतेला जातो." ताईनं काही विचारलं नाही. दशम्या बांधून दिल्या.

पंढरीची चाळ शोधत तो सुरतेतल्या उधन्याला पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. दार उघडंच होतं. रंगूबाई आत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर नातू झोपला होता. तिचे केस बरेच पिकले होते. त्याला बघून ती उठायला गेली, पण नातवाची मान तिच्या हातावर होती, म्हणून बसूनच राहिली.

"मिस्त्री! तुमी?"

दौलत उंबऱ्यावर उभा राहिला. दशम्यांची पिशवी त्यानं बाहेरच ठेवली होती. हात रिकामे होते, ते त्यानं तसेच खाली सोडले. वर बघितलं. तिच्या डोळ्यांत बघितलं.

"रंगूबाई," तो म्हणाला, "माज्या घरी चला. मी बोलत जाईन."

 बाहेर कुणीतरी नळावर हंडा भरत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"त्या दिशी स्टँडवर येवडं बोलला असता," ती शेवटी म्हणाली, "तर पेटी तशीच परत घिऊन आले असते मी तुमच्यासंगती. पंढरीला बी सांगितलं असतं तितंच." तिनं नातवाच्या केसांवरून हात फिरवला. "आता हा माज्याबगर झोपत न्हाय. सून कारखान्यात जाते. मी गेले तर ह्यांचं घर मोडंल. लई उशीर केलात, मिस्त्री."

"व्हय," दौलत म्हणाला. "केला."

"आत या. च्या टाकते."

तो आत जाऊन बसला. तिनं एका हातानं नातवाला सांभाळत चहा केला. पूर्ण्याचं, ताईचं, शेठचं तिनं विचारलं, आणि त्यानं प्रत्येक गोष्टीचं नीट, पुरतं उत्तर दिलं. निघताना ती दारापर्यंत आली. नातू जागा होऊन रडू लागला, तशी ती आत वळली.

घरी आल्यावर ताईनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"इचारलंस?"

"इचारलं."

"मंग?"

"उशीर झाला म्हनाली."

ताईनं रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "पन इचारलंस ना." आणि ती भात टाकायला आत गेली.

पुढच्या काही वर्षांत बरंच बदललं. ताई शहाण्णवच्या थंडीत गेली. शेजारची खोली बंद झाली, त्याचा स्वयंपाक तो स्वतः करू लागला. एका माणसाचा भात नेमका किती टाकायचा ते त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, रोज उरायचाच. पूर्ण्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी गोदामं झाली, आणि सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर बसला की समोरून नुसते ट्रक जात. एका दुपारी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर परमुलखातला होता. खाली वाकून त्यानं विचारलं, "चाचा, दापोडा किधर से?"

रंगूबाईच्या गावाचं नाव ऐकून दौलत ओट्यावरून उतरून ट्रकपाशी गेला. पुढचा नाका, नाक्यावरचं वडाचं झाड, झाडानंतरचा पूल, पुलाच्या अलीकडून वळायचं की पलीकडून, पावसात तो रस्ता कसा खचतो, पूर्वी तिथं नुसती भातशेतं कशी होती, सगळं त्यानं हिंदीत, मध्येमध्ये मराठी घालत, सावकाश समजावून सांगितलं. ड्रायव्हरला केव्हाच कळलं होतं. तो "हाँ चाचा, समझ गया" म्हणत होता आणि त्यानं इंजिन चालू केलं होतं. ट्रक सरकू लागला तरी दौलत दोन पावलं त्याच्या बाजूनं चालत सांगत राहिला. मग ट्रक पुढे गेला, वळणावर दिसेनासा झाला, आणि रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा होता.